मोटारीचं कण्हणं

"दांडा कानाला लाव, डोळे मीट आन् घाई करू नको. इंजन आपनहून सांगतंय त्याला कुठं दुखतंय ते."

वडील हे सांगायचे तेव्हा मी दहा वर्षांची असेन. आमच्या विहिरीवर तेलाचं इंजिन होतं. ते कुरकुरायला लागलं की वडील लाकडी दांड्याचं एक टोक इंजिनाच्या अंगावर टेकवायचे आणि दुसरं माझ्या कानाशी धरायचे. त्यांना स्वतःला कमी ऐकू यायचं, म्हणून घरातलं हे काम माझ्याकडे आलं होतं. पुढं लग्न होऊन मी पारनेरजवळच्या या गावात आले आणि इंजिनाशी माझा संबंध संपला.

एकाहत्तर सालच्या मार्गशीर्षात आमच्या यांनी नगरहून जुनी मोटार आणली. आणली ती माझी धाकटी जाऊ छबूबाई हिच्यासाठी. दोन वर्षांपूर्वी ती बाळंतपणात अडली होती. बैलगाडीतून नगरच्या दवाखान्यात न्यायला काढली, पण वाटेतच बाळ गेलं. आता तिला पुन्हा दिवस होते, आणि पारनेरच्या नर्सबाई म्हणाल्या होत्या की पोर आडवं आहे, दिवस भरायच्या आत नगर गाठा. त्या दिवशी छबूनं चुलीपुढं माझा हात धरला.

"अक्का, मला बैलगाडीत बसवू नका."

नाही बसवणार, असा मी तिला शब्द दिला. शब्द देऊन बसले आणि मग यांच्या मागं लागले.

मोटार आली ती नाना खोड्या घेऊनच आली. डावीकडं वळली की हॉर्न आपोआप वाजायचा. आमच्या गावात डावं वळण नेमकं मारुतीच्या देवळापाशी, त्यामुळं मोटार रोज देवाला हाक मारते म्हणून लोक हसायचे. मागच्या सीटखाली काहीतरी खडखडायचं. तो जॅक निघाला, मी त्याला गोणपाटात गुंडाळला. दाराच्या बिजागऱ्या रडायच्या, त्यांना करंजीचं तेल घातलं. हे हसून म्हणाले, आता चालवायलाही तूच घे.

अंघोळ झाल्यापासून पूजा पुरी होईपर्यंत बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम. मोटार आल्यापासून त्या पूजेत मी तिचीही भर घातली. देवघरातलं आटोपलं की ताट घेऊन अंगणात यायचं, यांनी बॉनेट उचलून धरायचं आणि मी आतल्या एकेका भागाला हळद, कुंकू, अक्षता वाहायच्या. वरवर पत्र्याला बोट लावून माझं समाधान होत नव्हतं. ज्यांच्या जिवावर छबू नगरला जाणार, त्या सगळ्यांनाच हात जोडावेत असं वाटायचं.

पंधरा दिवसांनी मोटार कण्हायला लागली.

आधी थोडंसं, निघताना. मग वाटभर. आजारी माणूस कुशीवर वळताना कण्हतं ना, तसं. गाडी पळवली की ते कण्हणं वाढत जाऊन विव्हळण्यासारखं व्हायचं. माझे थोरले दीर काकासाहेब मुळातच मोटारीच्या विरुद्ध होते. त्यांनी कुठून तरी ऐकून आणलं की आधीच्या मालकाच्या घरचं कुणीतरी या गाडीत मेलंय, तेच कण्हतंय. पुढं लिंबू-मिरची बांधली, खाली बिब्बा बांधला. कण्हणं थांबलं नाही.

"मान्सं कन्हत्यात, गाड्या न्हाई," काकासाहेब म्हणाले. "ही परत जाऊ द्या."

यांनी सुप्याहून बन्सी मिस्तरीला बोलावलं. बन्सीनं दोन दिवस चहा पीत मोटार ऐकली आणि निकाल दिला की इंजिन उतरवावं लागेल, नगरला न्यावं लागेल, महिना तरी जाईल. छबूच्या हातात जेमतेम वीस दिवस होते. काकासाहेबांनी माझ्या धाकट्या दिराला, छबूच्या नवऱ्याला मच्छिंद्रला, बैलगाडीची चाकं-धुरा बघून ठेवायला सांगितलं. छबू दाराआड उभी होती. आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बन्सीनं मोटार ओढून न्यायला ट्रक सांगितला होता. मी पूजेचं ताट घेऊन अंगणात आले तेव्हा बॉनेट उघडं होतं, मोटार चालू करून बन्सी काकासाहेबांना शेवटचं कण्हणं ऐकवत होता. मी ताट हातात घेऊन तशीच उभी राहिले. थोरल्या दिरांपुढं मी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, की तोंड उघडलं नव्हतं. पण दाराआड उभी राहिलेली छबू डोळ्यांपुढून हलेना.

ताट ओट्यावर ठेवलं, स्वयंपाकघरात गेले आणि लाटणं घेऊन आले.

बन्सी हसला. "वैनी, इंजनावर पोळ्या लाटायच्यात का?"

मौन होतं, तेव्हा उत्तराचा प्रश्नच नव्हता. मी लाटण्याचं एक टोक कानाशी धरलं, दुसरं इंजिनाच्या ठोकळ्यावर टेकवलं आणि डोळे मिटले. आत दणदणीत ठोके होते, एकसारखे, उखळात कांडण चालावं तसे. त्यात दुखणं नव्हतं. पुढं पाण्याच्या पंपावर टेकवलं. तिथं नुसती सरसर. काकासाहेब यांना म्हणत होते की हे काय चाललंय. हे म्हणाले, दादा, थांबा जरा.

बाजूला नळकांड्यासारखा डायनामो असतो, बॅटरीला वीज पुरवणारा. त्याच्या मागच्या टोकावर लाटणं टेकवलं आणि ते कण्हणं असं कानात शिरलं की मी दचकून डोकं मागं घेतलं. पुन्हा टेकवलं. तिथंच होतं. बोटभरही इकडंतिकडं नाही.

मी बन्सीला खूण केली. त्यानं मोटार बंद केली, नाइलाजानं वाकला, आणि वाकलेलाच राहिला. मग मीही वाकून पाहिलं. डायनामोच्या मागच्या टोकाला तेल सोडायचं एक बारीक भोक असतं. ते लालभडक होतं. हळद, कुंकू आणि तांदळाचे दाणे, सगळं तेलात भिजून वाळून घट्ट बसलेलं. ते चिमुकलं गोल भोक मला पहिल्या दिवसापासून डोळ्यासारखं वाटायचं. म्हणून रोज त्याला मी इतरांपेक्षा जरा जास्तच कुंकू लावत आले होते.

बन्सी माझ्याकडं बघत होता. त्याला कळलं होतं, पण तो बोलला नाही. गप्प राहिले असते तर खपून गेलं असतं. पूजा अजून पुरी व्हायची होती. तरी मी मौन मोडलं, देवाची माफी नंतर मागितली.

"थोरले भावजी, गाडीत कुनी न्हाई. हे माझ्या हातनं झालंय."

काकासाहेबांनी बन्सीला विचारलं, हे खरं का. बन्सीनं मान खाली घालून सांगितलं की तेलाची वाट बुजली, आतल्या फिरत्या दांड्याभोवतीचं बुश कोरडं पडलं, त्याचाच हा आवाज. दोन दिवस तो इंजिनातच शोधत बसला होता, हेही त्यानं आपण होऊन सांगितलं. बुश पुढं सवडीनं बदलू म्हणाला, पण आज गाडी चालेल. मी दाभण आणून दिलं. त्यानं भोक कोरून स्वच्छ केलं, कापडानं पुसलं, तेलाचे थेंब सोडले. थोडा वेळ थांबून पुन्हा सोडले.

मोटार चालू झाली. आधी एकदा कण्हली, मग अर्धं कण्हली, आणि मग नुसतं इंजिन ऐकू येऊ लागलं. बन्सीनं माझ्या हातातलं लाटणं मागून घेतलं, स्वतःच्या कानाला लावलं, डायनामोवर टेकवलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

"वैनी," तो म्हणाला, "आता हे माझ्या दुकानात लागनार."

लाटणं मी दिलं नाही. दुसरं घे म्हटलं.

त्या दिवशी काकासाहेब पहिल्यांदा मोटारीत बसले. हे त्यांना सुप्यापर्यंत घेऊन गेले आणि परत आले. वाटेत गाडी चढावर पळवली, खडकाळीतून नेली, मुद्दाम थांबवून पुन्हा सुरू केली, सगळं काकासाहेबांच्या सांगण्यावरून. परत आले तेव्हा अर्धी आळी अंगणात जमली होती. ट्रकवाला चहा पिऊन रिकामाच गेला होता. काकासाहेब उतरले, धोतर झटकलं आणि मच्छिंद्रला म्हणाले, "बैलं सोड चरायला."

एवढंच. पण गल्लीत शेजारच्या लंकाबाईनं माझा हात वर धरून सगळ्यांना दाखवला, जसा कुस्ती मारलेल्या पैलवानाचा धरतात. मी लाजून हात ओढून घेतला. खरं सांगायचं तर थोडा उशिराच ओढला. दिवसभर माझे पाय जमिनीला लागत नव्हते. संध्याकाळी देवापुढं बसले तेव्हा मोडलेल्या मौनाबद्दल एक उपास जास्तीचा धरला, आणि तो धरतानाही मला हसू येत होतं.

बॉनेट उघडून पूजा मी बंद केली. आता बाहेरूनच एक बोट.

दिवस भरायला आठवडा राहिला तेव्हा एकादशी आली. उन्हं वर यायच्या आत अंघोळ, पूजा आटोपली. काकासाहेबांनी पाण्याची कळशी आपल्या हातानं गाडीत नेऊन ठेवली. मी मागच्या सीटवर दोन गोधड्या अंथरल्या, छबूला धरून आणलं, बसवलं. तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"चला," मी यांना म्हटलं, आणि आम्ही नगरच्या वाटेला लागलो.