तटबंदी गिळणारी मलान्या आणि मी

मित्रांनो, मी भूर्जाच्या लाकडाची एक जुनी काठी आहे. दिसायला वीतभर, पण मी कुणाचं काही विसरत नाही. आधीच सांगितलेलं बरं!

रशियाच्या उत्तरेला मेझेन नदीकाठच्या आमच्या गावात जुन्या रीतीनं प्रार्थना करणारे ख्रिस्ती लोक राहतात. प्रार्थनाघरात एकच मोठी पोथी. तिच्यातल्या मासे धरायच्या गळासारख्या वाकड्या खुणांवरून सगळ्या बायका एका सुरात गातात आणि कुठली खूण गायची ते मी दाखवते. मी सरकले की आवाज सरकतात, मी थांबले की थांबतात. प्रार्थनेचे म्होरके नझारीआजोबा यांनी मला कोरलं, घासून घासून गुळगुळीत केलं. पहिली गायिका तर मला उचलण्याआधी हात धुवायची. काय दिवस होते ते!

आमचं सगळ्यात मानाचं गाणं म्हणजे स्वर्गातल्या पवित्र शहराचं. ते ईस्टरला गातात. त्यात शहराचं नाव आलं की सूर पुढे पळत नाही. वळत वळत लांब फेरी मारतो आणि निघाल्या जागी परत येतो. जुन्या बायका म्हणतात, ती शहराची तटबंदी. तिथल्या लाल खुणांवरून फिरताना माझी ऐट बघायला हवी होती!

पुढे पहिल्या गायिकेची जागा मलान्याला मिळाली आणि मी तिच्या हाती गेले. तिचा दम तोकडा, पण मान ताठ. तटबंदी आली की ती मला उचलून थेट शेवटच्या खुणेवर ठेवायची. सगळ्यांचे डोळे माझ्यावर, त्यामुळे बायकाही मुकाट्यानं उडी मारायच्या. असं कितीतरी वर्षं आमचं शहर तटबंदीविना उघडं राहिलं.

एका तालमीत उस्तिन्या नावाच्या पोरीनं उडी मारलीच नाही. आजीनं शिकवलेली सगळी फेरी ती एकटीच गात राहिली. मलान्या लालबुंद झाली.

"फार शहाणी झालीस का गं? हात पुढे कर."

तिनं मला उगारलं. उस्तिन्यानं हात मागे घेतला आणि मी बाकाच्या कडेवर आपटले. माझ्या टोकाची कपची उडाली. मी वाट दाखवणारी, आणि तिनं माझी छडी केली, मित्रांनो! वर उस्तिन्याला ईस्टरला दाराशी उभं राहायची शिक्षा. त्या मुलीची जागा गेली, माझं टोक गेलं. तेव्हाच मी मनाशी म्हटलं, थांब मलान्या, तुझे दिवस भरलेच आता.

ईस्टर आला. मेणबत्त्या पेटल्या. दाराशी उस्तिन्या रडतेय का ते बघायला मलान्यानं मान वळवली आणि तिच्याच मेणबत्तीचं मेण पोथीवर सांडलं, बरोबर तटबंदीच्या पहिल्या खुणेवर. मी तिथे पोचेपर्यंत ते थिजत आलं होतं. मी तुटकं टोक त्यात रुतवलं आणि हटले नाही! मलान्या ओढतेय, पण पान फाटायची भीती. मी हलत नाही म्हणून बायका तोच सूर धरून ताटकळल्या. चेहरे तांबडे झाले.

मग दारातून उस्तिन्याचा आवाज आला. तिनं पुढची खूण उचलली, मग त्यापुढची. म्हाताऱ्यांना आपापल्या आया आठवल्या आणि सगळ्या तिच्यामागून निघाल्या. तटबंदी पुरी झाली. मलान्या तेवढी तोंड उघडं ठेवून उभी.

नझारीआजोबा एवढंच म्हणाले, "मलान्या, काठी पोरीला दे."

प्रार्थना संपल्यावर बाहेर माशाची कचोरी खाता खाता एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मलान्याबाईंच्या शहराला कुंपणच नव्हतं गं. शेळ्या शिरल्या असतील." मला ते कचोरीहून गोड लागलं.

पण ऐका. पुढच्याच तालमीत एक चिमुरडी चुकली आणि उस्तिन्यानं, माझ्या लाडक्या उस्तिन्यानं, मला उगारलं. घाईत तिनं मला तुटक्या टोकाशीच धरलं होतं; मी तिथलं कुसळ तिच्या तळव्यात खोल घुसवलं. तिनं रक्ताच्या थेंबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात धुऊन आली आणि मला अलगद पहिल्या खुणेवर ठेवलं.

तेव्हा मित्रांनो, वाट दाखवणाऱ्या वस्तू जपून हाताळा, आणि त्यांनी कुणाला मारू नका. कुसळं अजून शिल्लक आहेत.