अझिंदूचा घसा आणि मी

मित्रांनो, मी एक जुना तारसोल्या आहे. विजेच्या तारेवरची प्लास्टिकची साल काढणे हे माझे काम. घाना देशातल्या अक्रा शहरात कोर्ले खाडीच्या काठी, जिथे देशोदेशीचे बिघडलेले टीव्ही, फ्रीज आणि संगणक येऊन पडतात, तिथे माझा जन्म झाला. माझे चाक कुठल्याशा कपडे धुण्याच्या यंत्राचे, साखळी सायकलची आणि दोन्ही पाती ट्रकच्या पाट्यातून घासून काढलेली. वुंबे फिटरने मला चार दिवसांत जुळवले आणि लोकांना बजावले, की याच्या कुळाची चौकशी करू नका, काम बघा. मला हे बोलणे अजून आवडते.

मला घडवून घेतले सनातूने. वस्तीच्या तोंडाशी ती बाजरीची पेज आणि चवळीची भजी विकते. तिचा धाकटा भाऊ अझिंदू तारा जाळायचा. तार आगीत टाकली की साल जळून जाते आणि तांबे हाती येते. काम झटपट होते खरे, पण त्या काळ्या धुराने सनातूच्या पेजेलाही वास लागायचा.

आता अझिंदू काही ऐरागैरा नव्हता. दूर उत्तरेला, येंडीच्या बाजूला, त्याच्या घराण्यात ढोल आहे. हा ढोल काखेत दाबून वाजवायचा आणि सरदारापुढे त्याच्या पूर्वजांची नावे खड्या आवाजात घ्यायची. एक नाव गाळले तरी घराण्याची नाचक्की. म्हातारपणाने थकलेल्या बापाने निरोप धाडला होता, की येत्या दांबाच्या सणाला अझिंदूने येऊन नावे घ्यावीत. नाही जमले तर ढोल चुलतभावाकडे जाईल. आणि इकडे अझिंदूचा घसा असा बसलेला, की त्याने हाक मारली तर शेजारची बकरीसुद्धा मान वळवत नसे. दवाखान्यात सांगितले, औषध देतो, पण धूर सुटल्याशिवाय गुण येणार नाही. सण दहा महिन्यांवर होता. म्हणून सनातूने मला घडवून घेतले.

पहिले काही आठवडे माझी फार टिंगल झाली. आगीपाशी दहा मिनिटांत व्हायचे काम माझ्याकडे अर्धा दिवस चाले. तारा जाळणारे येताजाता म्हणत, काय अझिंदू, बायकांसारख्या शेंगा सोलत बसलास का? तो खाली मान घालून दांडा फिरवी. मला त्याचे वाईट वाटे, पण मी तरी काय करणार? मी जन्माचाच हळू.

खरी पंचाईत पुढेच होती. माझ्या पात्यांतून निघालेले तांबे नव्या नवरीसारखे झळके. ते घेऊन अझिंदू ओपोकू व्यापाऱ्याकडे गेला, तर ओपोकूने हातही लावला नाही. भंगारातले तांबे कसे असते? काळपट, जळके. एवढे लखलखीत तांबे विजेच्या खांबावरून तोडून आणलेलेच असणार, असा त्याने सरळ तर्क लढवला. त्या बाजारात काळे तांबे साव आणि गोरे तांबे चोर.

मग अझिंदूने काय करावे? त्याने माझ्याकडून तारा सोलून घेतल्या आणि ते स्वच्छ तांबे जुन्या टायरांच्या आगीत घालून काळे करायला सुरुवात केली. म्हणजे मेहनत माझी आणि धूर पुन्हा होता तिथेच. महिनाभर हे चालले. माझ्या चाकाला कोणी तेल घालेना, मला गंज चढला, आणि अझिंदूचा उरलासुरला आवाजही गेला.

एक दिवस सनातू भांडी घासायची राख आणायला गेली आणि तिने भावाला आगीपाशी रंगेहाथ पकडले. ती ओरडली नाही.

"चोर दिसू नये म्हणून साव माणूस आपल्या तोंडाला काळं फासतोय होय रे?" एवढेच ती म्हणाली.

"ताई, तो घेतच नाही चकचकीत," अझिंदू कसाबसा बोलला. ते अर्धे शब्द, अर्धी हवा होती.

दुसऱ्या दिवशी पेजेचे दुकान बंद ठेवून तिने मला हातगाडीवर चढवले आणि थेट ओपोकूच्या दारात उतरवले. जाड तारेचे एक भेंडोळे त्याच्या पायाशी टाकले आणि पदर खोचावा तसे अंगावरचे कापड घट्ट बांधून ती दांडा फिरवू लागली. मला तेल मिळालेले नव्हते, मी किंचाळत होतो, पण एकही तार मी वाया जाऊ दिली नाही. एका बाजूला साल पडली, दुसऱ्या बाजूला तांबे. बघ्यांची गर्दी जमली.

"मावशी, पुरे," शेवटी ओपोकू म्हणाला. "तांबं ठेवून जा. आणि याच्या चाकाला तेल घाला हो, कान किटले."

त्यानंतर माझे दिवस पालटले. अझिंदूने आग सोडली आणि औषधाने त्याचा घसा हळूहळू मोकळा होऊ लागला. वुंबेला माझ्यासारखे आणखी सहा तारसोले घडवावे लागले. सोललेल्या सालींची पोती चपलांचे तळवे करणारे लोक घेऊन जाऊ लागले; पूर्वी ती साल धूर होऊन जायची. सगळ्याच आगी विझल्या असे मी म्हणणार नाही, कारण मला खोटे बोलता येत नाही. पण आमच्या गल्लीत धुतलेले कपडे पांढरेच वाळू लागले. आता विजेवर चालणारी यंत्रे आली आहेत, आणि माझ्या वाट्याला केवळ बारीक तारा येतात. मी समाधानी आहे. मित्रांनो, एकच मागणे आहे. तुमच्या घरातून जुनी वायर, जुना चार्जर बाहेर जातो, तेव्हा तो जाळणाऱ्याच्या नव्हे, सोलणाऱ्याच्या हाती जाईल एवढे पाहा. नाही तर तो कोणाच्या तरी घशातून जातो.

दांबाच्या दिवसाची हकिकत मात्र सांगायलाच हवी. अझिंदू आठवडाभर आधी गावी गेला. सणाच्या दुपारी तिकडे त्या चुलतभावानेच फोन लावून उंच धरला, आणि इकडे सनातूने आपला फोन माझ्या बैठकीच्या फळीवर ठेवला. ढोल घुमला. मग अझिंदूचा आवाज आला. तो पूर्वीसारखा खडा नव्हता, घोगरा होता. चौथ्या नावाला तो चिरकला, आणि सनातूने माझा दांडा घट्ट धरला. पण आवाज थांबला नाही. सरदाराचे सगळे पूर्वज झाले. मग रीतीप्रमाणे त्याने स्वतःच्या घराण्यातली नावे घेतली, पणजा, आजा, बाप, आणि शेवटी म्हणाला, "आणि सनातू, जिने माझ्या गळ्यातला धूर काढला."

तिकडे लोकांनी गलका केला. बापाने ढोल अझिंदूच्याच काखेत राहू दिला, असे चुलतभावाने सांगितले आणि फोन त्याच्या हाती दिला. सनातू पात्यांत तार नसतानाच माझा दांडा फिरवत होती, गिऱ्हाइकांकडे पाठ करून.

"इतक्या मोठ्यांदा माझं नाव घेतात का रे?" ती फोनमध्ये म्हणाली. "इथे सगळे ऐकतायत." मग म्हणाली, "आणखी एकदा घे."