झाकण नसलेलं पिंप

साहेब, माझं पिल्लू तुम्ही मारलंत. सरकारी तपासणीला आलात, बियरचे तीन पेले चाखलेत, ‘वा!’ म्हणालात. वॉचमन कानिफनाथ हात जोडून म्हणाला, “सायेब, मागलं पिंप बी बघा.” तुम्ही म्हणालात, “कुत्र्यांचं खातं माझ्याकडं नाही,” आणि गाडीत बसलात.

मित्रांनो, मी एक म्हातारी कुत्री आहे. भिंगारच्या बाजारात टेम्पोखाली जन्मले. कानिफनाथनं मला पारनेरच्या माळावरच्या बियरच्या कारखान्यात आणलं. मी चोर पळवून लावले, तेव्हा मालकांनी बिस्किटं दिली. दात पडायला लागले, तसे दगड बसू लागले. अशा उतारवयात मला पेढा झाला. एकुलता एक, पेढ्याच्याच रंगाचा.

यंदा बियर बनवणाऱ्या रुचा मॅडम हॉपचे तीन वाण ताडून पाहत होत्या. हॉप म्हणजे वेलीची हिरवी बोंडं. बियरला कडूपणा आणि वास त्यांचाच. एकाला लिंबाच्या सालीचा वास, दुसऱ्याला पिकल्या पेरूचा, तिसऱ्याला ओल्या गवताचा. कोणता जास्त कडू, कोणाचा वास टिकतो, यावर दिवसभर वाद चालायचा. उकळून उरलेला चोथा मात्र मागच्या पिंपात, उघडाच.

कानिफनाथ म्हणाला, “मॅडम, झाकन द्या की. कुत्री त्वांड घालत्यात.”

“अहो मामा, कडूजहर आहे ते. कोण खाणार?”

“तुमी चाखलंय का?”

“तुम्हीच चाखा, फुकट आहे!” आतले सगळे हसले.

कडू खरं, पण तो चोथा धान्याच्या गोड पाण्यात उकळलेला असतो. पिंपाच्या कडेवरून पेरूच्या वासाचा चोथा सांडला होता. पेढ्यानं शेपूट हलवत तो चाटून पुसून खाल्ला. मग त्याला धाप लागली. अंग तव्यासारखं तापलं, पाय लाकडासारखे ताठ झाले. कानिफनाथ पाणी ओतत राहिला, मी त्याचा श्वास थांबेपर्यंत चाटत राहिले.

“ऊन लागलं असेल,” मॅडम दारातूनच म्हणाल्या. आत टाळ्या वाजल्या; पेरूचा वाण पहिला आला होता.

मालक बाहेर आले. “ते पिंपातच टाका. कचऱ्याची गाडी येईल तेव्हा जाईल.”

माझा पेढा त्याच चोथ्यावर पडला.

मित्रांनो, हॉप कुत्र्याला विष आहे. तुम्ही हे ध्यानात ठेवा, मोठ्यांना वेळ नाही.

साहेब, नव्या वाणांचे पेले चाखायला तुम्ही पुन्हा येणार आहात. पिंप अजून उघडंच आहे. फाटकाजवळच्या कुत्रीची पिल्लं चालायला लागली आहेत. मागं या, पिंपापाशी उभे राहा आणि मला सांगा, झाकण कधी बसणार?