ज्याने बघितलं त्याची सही

चार वर्षं आमचं असंच चाललं होतं. तो चढायचा, मी सही करायची. लिफ्टच्या तपासणीच्या कागदावर परवाना असलेल्याचीच सही लागते, आणि आमच्या कंपनीत परवाना माझ्या एकटीचाच. नवरा गेल्यावर धंदा मीच ओढला, परीक्षा स्वतःच्या पैशांनी दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाले. हे मी येता-जाता ऐकवते. कुणाला कंटाळा आला तर येवो.

चढणारा म्हणजे आमच्याकडे अकरा वर्षं असलेला मेकॅनिक. सगळे त्याला घुम्या म्हणतात, कारण तोंड उघडायचं त्याच्या जिवावर येतं. चार वर्षांपूर्वी माझे गुडघे गेले, तेव्हापासून दोर तोच बघतो, ब्रेक तोच बघतो, आणि खाली येऊन मला दोन शब्दांत सांगतो. मग मी सही ठोकते.

तर हा घुम्या एका सोमवारी ऑफिसात येऊन उभा राहिला. म्हणाला, परवान्याच्या परीक्षेला बसायचंय, फी कंपनीने भरावी आणि सहा आठवडे दुपारनंतर वर्गाला जाऊ द्यावं. माझं डोकंच सणकलं. मला कुणी भरली होती फी? शिवाय याच्या आधीच्या मेकॅनिकची मी मोठ्या मनाने भरली होती. परवाना हातात पडला आणि महिन्याभरात पठ्ठ्या दुसऱ्या कंपनीत, तेही आमची दोन गिऱ्हाइकं घेऊन. तेव्हाच मी कानाला खडा लावला होता.

ऑफिस सांभाळतात माझे दीर. भावजींनी लगेच तोडगा काढला, की पाच वर्षं नोकरी सोडणार नाही असं लिहून घ्यायचं. घुम्या नाही म्हणाला. लिहूनही देणार नाही आणि फीही स्वतः भरणार नाही. मी म्हटलं, वा रे वा, परवाना तुझ्या नावावर, पगार तुझा वाढणार, मग भर की तुझी तू.

त्यावर तो अकरा वर्षांतलं सगळ्यात लांबलचक बोलला.

"ताई, तुम्ही न बघितलेल्या दोरावर सही करता. मी चुकलो तर अडकणार तुम्ही. आणि मी बरोबर असलो तरी ऐकायचं की नाही ते तुमच्या मर्जीवर. ही सही कंपनीच्या कामाची आहे, तर फी कंपनीनेच भरायला हवी."

मी त्याला हाकलून दिलं. पण बोलणं झोंबलं होतं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, बघतेच, आणि तपासणीला स्वतः निघाले. जिने चढून वरपर्यंत गेले, लिफ्टच्या टपावर पाय ठेवला, दोर बघायला खाली वाकले आणि तशीच अडकले. ना उठता येईना, ना बसता. घुम्याने काखेत हात घालून मला उभं केलं. मग मेला स्वतः वाकून दोर बघायला लागला, त्याचाच मला जास्त राग आला. खरं सांगते, रडू फुटायचं बाकी होतं. चार वर्षं मी न बघितलेल्या गोष्टी बघितल्या म्हणून लिहीत आले होते.

ऑफिसात परत आले आणि फी भरली. लिहून काहीही घेतलं नाही. भावजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन दिवस फार बरे गेले.

घुम्या पास झाला, पण दुसऱ्या खेपेला. दुसरी फीही मीच भरली, चार गोष्टी सुनावून.

परवाना आल्यावर त्याची पहिलीच तपासणी आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाकडे होती, सहा मजली इमारतीत. तासाभरात तिथल्या सेक्रेटरींचा फोन आला. तुमच्या माणसाने लिफ्ट बंद करून टाकलीय, वरच्या मजल्यांवर म्हातारी माणसं आहेत, ताबडतोब या. मी रिक्षा करून पोचले. सेक्रेटरी दारातच पेन घेऊन उभे होते. मालकीण तुम्ही, परवाना तुमच्याकडेही आहे, तुम्ही सही करा आणि लिफ्ट चालू करा. नाहीतर उद्यापासून दुसरी कंपनी बघतो, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

मी घुम्याला बाजूला घेतलं. त्याने फोनवर दोराचा फोटो दाखवला. त्यातल्या पोलादी तारांपैकी एकाच जागी अकरा तुटलेल्या. आठ तुटल्या की दोर बदलायचा, असा नियम आहे.

"गेल्या वर्षी किती होत्या?" मी विचारलं.

"पाच. मी म्हटलं होतं, आत्ताच बदलू. तुम्ही म्हणालात, आठ होऊ देत, लिहू ठीक आहे म्हणून." मग म्हणाला, "तेव्हापासून दर रविवारी येऊन मोजतोय. गेल्या रविवारी सात होत्या."

आत्ता कुठे मला हिशेब लागला. त्या तपासणीनंतरच्याच सोमवारी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला होता, आणि मी त्याला पगारवाढीच्या गोष्टी सांगत बसले होते.

मी सेक्रेटरींच्या हातातलं पेन घेतलं. लिफ्टमधल्या चौकटीतून गेल्या वर्षीचा माझा कागद काढला, त्यावर आडवी रेघ मारली, 'न बघता दिला' असं लिहिलं आणि खाली सही केली. सेक्रेटरी म्हणाले, आता तुमच्यावर विश्वास ठेवायचा तरी कसा?

"माझ्यावर नकाच ठेवू," मी म्हटलं. "याच्यावर ठेवा. त्याचीच तर फी भरलीय मी. दोर बदलेपर्यंत लिफ्ट बंद."