साठ किलोचा गट

“बूट काढ. घड्याळ पण काढ,” नाथा म्हणाला.

दोन हजार तेवीस सालच्या जानेवारीतला तिसरा रविवार होता. चिखलोलीच्या भातगिरणीत सकाळी सात वाजता दहा-अकरा पोरं अर्ध्या चड्ड्यांत कुडकुडत उभी होती, आणि मधोमध तांदळाची पोती तोलायचा काटा. दुपारी साठ किलो वजनी गटाचे कबड्डीचे सामने होते. पंचांनी वजन करायच्या आधी आपलं आपण करून घ्यायचं, ही संघाची जुनी रीत. नाथा कप्तान, म्हणून काट्यापाशी नेहमी तोच.

सुयोग काट्यावर चढला. लाल आकडे थरथरले आणि सत्तावन्न किलो चारशेवर थांबले.

“आयला, हिरोईन झाला रे हा!” अल्पेश ओरडला आणि सगळे हसले.

हसण्यासारखंच होतं. सुयोगसारखी चढाई करणारा दुसरा गडी संघात नव्हता, पण तो मुळात त्रेसष्ट-चौसष्ट किलोचा. दरवर्षी दिवाळी सरली की त्याचं मीठ बंद, भात बंद, आणि अंगात रेनकोट चढवून बारवीच्या रस्त्याने नाथाबरोबर पळणं. मागच्या वर्षी तर शेवटचे दोनशे ग्रॅम उतरेनात म्हणून तो दिवसभर चिंगम चघळत थुंकत बसला होता. या वर्षी काहीच करावं लागलं नाही. वजन आपलं आपणच उतरत होतं.

“करतोस काय तरी?” नाथाने विचारलं.

“काय नाय रे. दोन घास खाल्ले की पोट भरतं.”

“मग भारीच की!”

नाथा आणि सुयोग शाळेपासून एका बाकावरचे. नाथा उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका जीन्सच्या कारखान्यात कापड कापायचा, सुयोग इथल्याच नव्या टॉवरमध्ये पाण्याचे पंप सांभाळायचा. आठवडाभर दोघे आपापल्या कामात; संध्याकाळी मात्र मैदानाच्या मातीत. सुयोग चढाई करून दमून परतला की नाथाने डावा कोपरा धरलेलाच असायचा.

गिरणीतून बाहेर पडताना सुयोगने त्याला बाजूला घेतलं. “पोटात आग पडते रे. काल उलटी पण झाली. डॉक्टरला दाखवून येऊ का?”

“जा की, नको कोण बोलतंय? पण आता नको. डॉक्टर काय करणार, सलाईनच्या तीन-चार बाटल्या लावणार. एका बाटलीला किलोभर वजन चढतं. शिवरात्रीनंतर बदलापूरची स्पर्धा झाली की मी स्वतः नेतो तुला.”

“नक्की ना?”

“कप्तान कोण आहे?”

त्यानंतरचे पाच रविवार सुयोग खेळला. बदलापूरच्या अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईत त्याने दोन गडी टिपले, मध्यरेषा ओलांडली आणि तिथेच पालथा पडला. पोरांना वाटलं, आनंदाने पडला. त्यांनी त्याला तसाच खांद्यावर उचलला. एवढा हलका गडी उचलायला कितीसे हात लागणार?

नाथाने शब्द पाळला. पुढच्या सोमवारीच त्याला घेऊन गेला. बदलापूरच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि लगेच चिठ्ठी लिहिली. तिथून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात. जठराचा कर्करोग निघाला, आणि तो यकृतापर्यंत पोचला होता. केमोच्या इंजेक्शनांनी तो बरा होणार नव्हता. फक्त थोडे दिवस वाढणार होते.

“वजन कधीपासून उतरतंय?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

सुयोगने नाथाकडे पाहिलं. नाथाने सगळं सांगितलं. दिवाळीत त्रेसष्ट, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात साठ सहाशे, नाताळाला एकोणसाठ, मग सत्तावन्न. एकेक रविवार त्याला तोंडपाठ होता.

“इतकं बारीक लक्ष होतं तुमचं,” बाई लिहिता लिहिता म्हणाल्या, “मग आधी का नाही आलात?”

त्या रागाने बोलल्या नव्हत्या. रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नाथाला पुढे कितीदा तरी वाटलं.

एप्रिलमध्ये डॉक्टरबाईंनी बजावलं की वजन पंचेचाळीसच्या खाली गेलं तर शरीराला औषध सोसणार नाही, पुढचं इंजेक्शन देता येणार नाही. झालं. ज्या पोरांनी पाच वर्षं सुयोगचं वजन उतरवलं, ती आता ते चढवायच्या मागे लागली. अल्पेश गावठी अंडी आणायचा. कुणी खजूर, कुणी नाचणीचं सत्त्व. नाथा कामावरून परस्पर सुयोगच्या घरी यायचा आणि चमच्याने पेज भरवायचा. तीन चमचे आत गेले की दोन बाहेर यायचे.

“मेल्या, तवा माज्या पोराला भाताचा दाना खाव देत नव्हतास,” सुयोगची आई, बकुळामावशी, दारातून म्हणायची, “आनि आता भरवतंस?” म्हणताना ती हसायचीसुद्धा. नवरा लवकर गेल्यावर तिने भातलावणी आणि विटांचं काम करून एकच पोर वाढवलं होतं. नाथाला ती सुयोगइतकंच हक्काने रागवायची. सलाईनचं तिला काही ठाऊक नव्हतं. नाथा खाली मान घालून पेज ढवळत राहायचा. आपण सुयोगला मारलं, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात फिरत असायचा. कारखान्यात कापडाचे थर लावतानाही तोच.

जूनमध्ये इंजेक्शनाची तारीख आली. सकाळी पोरांनी सुयोगला धरून गिरणीत आणलं. पंचेचाळीस किलो तीनशे.

“पास!” अल्पेश ओरडला. नाथा तर काट्याला हात जोडून उभा राहिला. दोन महिन्यांत तो पहिल्यांदा हसला असेल.

अल्पेशच्या ईको गाडीतून तिघं मुंबईला गेले. इस्पितळात सिस्टरने सुयोगला कपडे बदलायला लावले, तेव्हा सदऱ्याखाली कमरेला बांधलेली कापडी पिशवी निघाली. तिने ती टेबलावर उपडी केली. पंपाचे मोठे लोखंडी नट खडखडत बाहेर पडले. इस्पितळाच्या काट्याने त्रेचाळीस किलो शंभर दाखवलं.

डॉक्टरबाईंनी फाईल मिटली. “आता घरी न्या. जे मागतील ते खायला द्या.”

परतताना अंबरनाथला गॅस भरायला अल्पेशने गाडी पंपावर घेतली. तिथे गॅस भरताना माणसांना खाली उतरावं लागतं. रांग लांब होती. नाथाने सुयोगला उचलूनच खाली घेतलं आणि दोघे पंपाच्या कट्ट्यावर बसले. पाऊस अजून आला नव्हता. उन्हाने डोळे दिपत होते.

“नट कशाला बांधलेस?” नाथाने विचारलं.

“काट्यापाशी तुझं तोंड बघवत नाय रे. आधी वजन उतरलं की तुझं तोंड फुलायचं, आता चढलं की फुलतं. बोललो, एक दिवस फुलू दे.”

नाथाला ते सोसलं नाही. “मी मारलं तुला, सुयोग. सलाईनचं मी बोललो. तू विचारत होतास, जाऊ का, जाऊ का, आणि मी...”

त्याने गुडघ्यांत तोंड खुपसलं आणि तो रडू लागला. रांगेतला एक रिक्षावाला वळून पाहू लागला.

“कवापासून घेऊन फिरतोयस हे?”

“मार्चपासून.”

सुयोगने आधी श्वास जुळवला. मग म्हणाला, “येड्या, मी गेलेलो डॉक्टरकडे. डिसेंबरात. तुझ्या कारखान्याच्या गल्लीत तो म्हातारा सिंधी डॉक्टर बसतो ना, वरच्या माळ्यावर? तो बोलला, आजच्या आज सोनोग्राफी कर. चिठ्ठी दिली. मी फाडून टाकली.”

नाथाने मान वर केली. “मग जानेवारीत मला कशाला विचारलंस?”

सुयोगने तोंड गाड्यांच्या रांगेकडे फिरवलं. “असंच. तू काय बोलतोस ते बघायला. तू जा बोलला असतास तरी मी जाणार नव्हतो. मला बदलापूरला खेळायचं होतं. माझं मी केलं. कप्तान झालास म्हणून काय सगळं तुझ्याच नावावर घेणार?”

“खरं सांगतोस?”

“मरणारा माणूस खोटं बोलतो का, भाई?” आणि तो हसला, तसा खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाला, “एक कर. आईला ते सलाईनचं सांगू नको. पुढे तिला तू लागशील.”

अल्पेशने हॉर्न दिला. नाथाने सुयोगला पुन्हा उचललं.

नागपंचमीच्या दोन दिवस आधी सुयोग गेला. शेवटच्या आठवड्यात त्याने फक्त बर्फाचे खडे चोखले.

त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. संघ त्या साली मोडला तो मोडलाच; साठ किलोच्या गटात आता गावातली नवी पोरं खेळतात. अल्पेशने लग्न केलं, वांगणीला बिऱ्हाड केलं, आणि तीच ईको शाळेच्या मुलांची ने-आण करते. बकुळामावशीने बदलापूरचा करंडक टीव्हीशेजारी ठेवला आहे. नाथा दर रविवारी तिच्याकडे जेवायला जातो. ती त्याच्या ताटात भात वाढते, आणि नको म्हटलं तरी वर आणखी एक मूठ. सलाईनचं तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

नाथा कॅम्प तीनमध्येच आहे. त्या डॉक्टरांची पाटी त्याला येता-जाता दिसते. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी तो जिना चढून वर गेला. बाकावर नंबर लावून बसला. कंपाउंडरच्या मागे फळीवर पेशंटच्या नोंदींच्या जुन्या वह्या ओळीने लावल्या होत्या, प्रत्येकीच्या पाठीवर साल. दोन हजार बावीसची वही, सुयोगने सांगितलेला डिसेंबर जिच्यात असायचा ती, तिसरी होती. हात लांब केला असता तर पोचला असता.

“नाम?” कंपाउंडरने विचारलं.

नाथाने ओठ ओले केले. मग स्वतःचं नाव सांगितलं.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्याच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, काढला. “थोडा ज्यादा है. टेन्शन लेते हो क्या?”

“नाही,” नाथा म्हणाला.

खाली उतरून तो कारखान्यात आला. टेबलावर निळ्या जीन्सच्या कापडाचे साठ-सत्तर थर लावून तयार होते, वर खडूच्या रेघा मारलेल्या. त्याने हाताखालचं कापड एकदा सपाट केलं आणि मशीन चालू केलं.