पाच पावलं मागं

फ्रँक परेरा पळायला लागला की समोरच्या टीमची पोरं हसायची, आणि हसण्याच्या नादात तेंचा बॉल जायचा. अशी तेवीस वर्षं गेली. आता वय चव्वेचाळीस, गुडघ्यावर कायमचा पट्टा, पण परळच्या सनराइज स्पोर्टिंग या फुटबॉल टीमचा मधला डिफेंडर अजून तोच.

पळण्याच्या नावानं पहिल्यापासून बोंब, तेच्यात वयाचा दोष नाय. पण तेची एक युक्ती होती. बाकीच्या डिफेन्सच्या पाच पावलं मागं उभं राहायचं. शर्यत लागलीच, तर हा आधीच पाच पावलं पुढं. आणि मागून बोलत राहायचं. "लेफ्ट बघ रे. सोड तेला, मी हाय." आख्खी टीम गोल मारायला पुढं गेली की मागं अर्ध्या ग्राउंडात हा एकटा, कमरेवर हात ठेवून, राखणीला बसवल्यासारखा.

यंदा कोच म्हणून ब्रेंडन आला. वय बत्तीस, कोचिंगचं लायसन काढलेलं. तेनं पहिल्याच दिवशी सांगितलं, आपण हल्ला करायचा. सगळे वर, डिफेन्स पार हाफलाइनला. समोरचा फॉरवर्ड आपल्या शेवटच्या डिफेंडरला ओलांडून पुढं उभा असला आणि तेला बॉल आला, की ऑफसाइड. झेंडा वर, खेळ थांबला. म्हणून सगळ्यांनी एका रेषेत उभं राहायचं.

एका रेषेत दहा वेळा सांगून पण फ्रँक मागंच. सेमीफायनलच्या आधी गुरुवारी वडाळ्याच्या ग्राउंडवर ब्रेंडननं विषय काढला.

"तू मागं राहतोस, म्हणून तेंचा ऑफसाइडच होत नाय, फ्रँक."

"आणि मी वर आलो नि बॉल डोक्यावरून गेला, तर मागं कोण पळणार? तुझं लायसन?"

पोरं हसली. ब्रेंडन पण हसला. "तेच तर बोलतोय. तू नाय पळू शकत."

"हल्ला करणाऱ्या टीमलाच मागं थंड डोक्याचा माणूस लागतो, बाबा."

"थंड चालेल. स्लो नाय चालत. मागं अर्धं ग्राउंड मोकळं असतं." मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "सेमीला तुझ्या जागी निमेशला खेळवतो. आपण जिंकलो तर फायनल तुझी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तेच्यानंतर मात्र बस कर."

फ्रँक म्हणाला, "चालेल." दुसरं काय म्हणणार?

आता तेची गोष्ट सांगतो. बायकोला, ग्रेसीला, जाऊन तीन वर्षं झाली. पोरगी जोआन मेलबर्नला, फोन करते, जेवलास का विचारते, पण तिला तिचा संसार हाय. फ्रँकचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. दिवसभर गच्चीवरच्या मशीनरूममध्ये ग्रीस नि आपण. सोमवार ते शनिवार तेच्याशी बोलतो कोण, तर वॉचमन. आणि तो पण एवढंच, "चालू झाली काय?" रविवारी मॅच असते म्हणून चर्चमधला मिसा पण हा शनिवारीच उरकायचा. आठवड्यात तेला नावानं हाक मारणारी माणसं रविवारीच भेटायची. फायनल म्हणजे तसला आणखी एक रविवार. हरले, तर गेल्या रविवारचाच शेवटचा होऊन गेलेला.

सेमीला जे बाहेर बसतात, तेंच्यातला वडीलधारा लाइनला झेंडा घेऊन पळतो, अशी या टूर्नामेंटांची रीत. एका बाजूला आपला माणूस, दुसऱ्या बाजूला तेंचा. बाहेरचे लाइन्समन आणतो कोण? ब्रेंडननं झेंडा फ्रँकच्या हातात दिला.

सनराइजची पोरं झकास खेळली, खोटं कशाला बोला. निमेश तर शीव कोळीवाड्याचा, वाऱ्यासारखा पळणारा. तेची आई दादरला मासळी विकते, ती म्हणते हा पोटातूनच पळत आला. दोन गोल मारले, दोन खाल्ले. शेवटची चार मिनिटं राहिली, आणि या दुसऱ्या हाफमध्ये आपला डिफेन्स फ्रँकच्याच बाजूला होता.

समोरच्यानं मागून लांब बॉल हाणला. तेंचा फॉरवर्ड सुटला. सनराइजचे तीन डिफेंडर हात वर करून उभे, ऑफसाइड, ऑफसाइड. रेफरीनं मान वळवून फ्रँककडं बघितलं.

फ्रँकला सगळं दिसलं होतं. बॉल सुटला तेव्हा निमेश बाकीच्यांच्या पाच पावलं मागं उभा होता. फॉरवर्ड तेच्या अलीकडं, म्हणजे ऑफसाइड नाय. फ्रँकला कोणी सांगायची गरजच नव्हती, तेवीस वर्षं तो तिथंच उभा राहिलेला.

झेंडा खाली राहिला. निमेश हात खाली घेऊन पळाला तोवर बॉल जाळ्यात.

मॅच तीन-दोननं हरल्यावर निमेश आला, तो तापलेलाच. "दादा, वर केला असतास तर काय गेलं असतं?"

"तू मागं होतास."

"तूच शिकवलंस ना मला. दोन सीझन तुझ्या बाजूला खेळलोय."

"अरे, ते माझ्यासाठी होतं. मला पळता येत नाय म्हणून. तू कशाला मागं उभा राहतोस? तुला कोण पकडणार हाय?"

निमेश बूट हातात घेऊन निघून गेला. ब्रेंडन पिशवी भरत होता.

"कोणी विचारलं नसतं, फ्रँक."

"माहीत हाय."

"पुढच्या रविवारी तू आत होतास."

"ते पण माहीत हाय."

ब्रेंडननं तेचा खांदा दाबला नि गेला.

रेफरीच्या कागदावर सही करून झेंडा परत देईपर्यंत ग्राउंडवर दुसऱ्या मॅचची माणसं आली. सनराइजच्या बाइका जिथं लावलेल्या होत्या तिथं नुसती ऑइलची काळी टिपकी राहिली. पोरं चहाला गेली असणार म्हणून फ्रँक स्टेशनजवळच्या उडप्याकडं आला. तिथं कोणी नव्हतं. आज पोरं दुसरीकडं गेली, किंवा सरळ घरी.

सीताराम वेटरनं तेला दारातून बघितलं. दर रविवारसारखी तीन टेबलं ओढून जोडली, फडका मारला.

"किती, चौदा चहा?"

"एकच दे."

सीतारामनं रस्त्याकडं बघितलं, मग तेच्याकडं. "येतायत ना मागून?"

"नाय रे."

फ्रँक एका टोकाला बसला. चहा प्यायला, पाव बुडवून खाल्ला. समोर लांबलचक टेबल. तेवढ्यात एक कुटुंब आलं, चार माणसं, बसायला जागा शोधायला लागली. सीताराम आत होता. फ्रँक उठला, गुडघा धरून जरा थांबला, आणि तेनं तिन्ही टेबलं एकेक करून परत वेगळी केली.