लगीन बाकी आहे

जव्हारच्या दिवाणी कोर्टात मी आयुष्यभर वकिली केली. पक्षकार बहुतेक वारली, काही कोकणा, काही कातकरी. वनजमिनीचे दावे, वारसनोंदी, पोटगी. नावाजलेला वकील मी कधीच नव्हतो. न्यायाधीशांनी नुसती मान वर केली तरी माझं पुढचं वाक्य हरवायचं. बायको गेल्यानंतर, २००२ साली, मुलगा क्षितिज मला कुवेतला घेऊन आला. तो पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनिअर. जाब्रियातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये मी दिवसभर वाचत बसायचो आणि अधूनमधून साखर तपासायला कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये जायचो.

एकदा तिथली नर्स बोटाला सुई टोचताना माझ्याकडे निरखून बघत राहिली. मग मराठीत म्हणाली, "तुम्ही जव्हारचे वकीलसाहेब ना? माझ्या बापाचा दळीचा दावा चालवला होतात."

तिचं नाव रुपाली. आश्रमशाळेत शिकून नर्स झालेली वारल्यांची मुलगी. डोंगरउतारावरच्या त्या दळीच्या जमिनीचा दावा मला आठवला आणि मी ओशाळलो. तो आपण हरलो होतो, असं मी म्हणालो.

"हरलो तर होतोच," ती म्हणाली. "पण तुम्ही तारखेला यायचात. दुसरे वकील यायचेसुद्धा नाहीत."

पुढच्या शुक्रवारी ती नवऱ्याला घेऊन घरी आली. विठ्ठल अम्गराला एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होता. सूनबाई शर्वरीने चहा ठेवला. दोघं सोफ्याच्या कडेवर बसले आणि रुपालीने सगळं सांगितलं. तिला पाचवा महिना होता. प्रसूतीच्या हॉस्पिटलात नाव घालायला दोघं गेले होते. काउंटरवर खैरुन्निसा नावाची हैदराबादची बाई होती. लग्नाचा दाखला नाही म्हटल्यावर तिने विठ्ठलला हिंदीत साधंच विचारलं, शादी हुई ना? आणि विठ्ठलने, गरोदर बायको शेजारी उभी असताना, सांगितलं की नाही, अजून बाकी आहे.

"असं म्हणालास?" क्षितिजने विचारलं.

"मग काय म्हणू? बाकीच हाय," विठ्ठल म्हणाला.

इथल्या कायद्याने लग्नाशिवाय मूल म्हणजे आधी तुरुंग आणि मग देशाबाहेर. खैरुन्निसा घाबरून गेली होती. तिने फॉर्म मिटून परत दिला, हळूच म्हणाली की मी काही ऐकलं नाही, आणि कागद घेऊन लवकर या. कागद आला नाही, तर पोट दिसायला लागल्यावर दुसरं कोणीतरी विचारणारच होतं.

क्षितिज माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं, हा मुलगा मंद आहे. मला मात्र विठ्ठलचं उत्तर पूर्ण कळलं होतं. वारल्यांत दोन्ही घरचे म्हातारे बसतात, बोलणी होतात, जेवणं होतात आणि सगळ्यांच्या देखत मुलगी नवऱ्याच्या घरी येते. तिथून ती त्याची बायको. कोणी वेगळं समजत नाही. लगीन मात्र नंतर, ऐपत होईल तेव्हा. भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहायचा, धवलेरी बाईला बोलवायचं, तिने लग्नाची गाणी म्हणायची, गावाला जेवू घालायचं. कधी कधी ते इतकं लांबतं की आईबाप मुलाबरोबर एकाच मांडवात हळद लावून घेतात.

क्षितिजचा एक ओळखीचा एजंट होता. देवळातलं मागच्या तारखेचं लग्नाचं प्रमाणपत्र तो आणून देणार होता. क्षितिज म्हणाला, "बाबा, एका ओळीचा तर प्रश्न आहे. लग्न झालं, एवढंच लिहायचंय."

विठ्ठलने मान हलवली. कागद खोटा ठरला तर काय होईल ही भीती त्याला होतीच, पण त्याचं म्हणणं निराळं होतं.

"एकदा झाला म्हणून लिवला, तर धवलेरी परत कशी गाईल? आणि आईबापाचा लगीन नाय, तर उद्या पोराचा कसा होल?"

"तुरुंगात गेलास की गाईल ती," रुपाली म्हणाली. पण तीही त्या प्रमाणपत्राला तयार नव्हती.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. तशी नजर मला कोर्टातही सोसायची नाही. मी एवढंच म्हणालो की मला विचार करू द्या. त्या रात्री अंथरुणावर पडून मला वाटत राहिलं की घरी निजून पुस्तक वाचणाऱ्या माणसाने यात पडूच नये. अरबीचं अक्षर येत नाही, इथे वकिलीची सनद नाही, आणि ज्या मुद्द्यावर मी उभा राहणार होतो, तो जव्हारलाही मला नेहमी साधलेला नव्हता.

मुद्दा मात्र खरा होता. हिंदू विवाह कायदा आदिवासींना लागू नाही. त्यांची रूढी हाच त्यांचा कायदा. आणि अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला आपल्या रूढी जपण्याचा अधिकार १९९६ सालीच मिळालेला होता. लगीन झालं, असं कुठेही लिहायची गरज नव्हती. ही त्याची बायको केव्हापासून, एवढंच गावाने सांगायला हवं होतं.

जव्हारला सरोजिनी माझं काम बघत होती. पूर्वी माझी ज्युनिअर, आणि माझ्यापेक्षा कितीतरी धीट. मी फोन केला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, हे तुम्ही मला दहा वेळा शिकवलंय. विचारता काय?"

ग्रामसभा भरली. लोक हसले, असं तिने नंतर सांगितलं. रुपाली कोणाची बायको हे ठरवायला सभा कशाला, असं त्यांना वाटलं. पण ठराव झाला. अमुक दिवशी दोन्ही घरचे वडीलधारे बसले, मुलगी घरी आणली, तेव्हापासून वारली जमातीच्या रूढीप्रमाणे ही दोघं नवराबायको आहेत. तहसीलदार, मंत्रालय आणि मुंबईतली कुवेतची वकिलात असे शिक्के घेत तो कागद कोणाच्या तरी बॅगेतून इथे पोचला. शर्क भागातल्या टायपिंगच्या दुकानात अशरफ नावाचा तरुण अरबी भाषांतर करायचा. आदिवासी जमात म्हणजे काय, ते त्याने मला खोदून खोदून विचारलं आणि शेवटी शब्द घातला, कबीला. आपण काही भलतंच तर लिहून घेत नाही ना, अशी शंका मला वाटेतही येत राहिली.

हॉस्पिटलात खैरुन्निसाने कागद बघितला आणि म्हणाली की असला नमुना तिने कधी पाहिलेला नाही. मोठ्या साहेबांकडे जावं लागेल. साहेब म्हणजे नोंदणी विभागाचे वयस्कर कुवेती गृहस्थ. अंगात पायघोळ पांढरी दिशदाशा, हातात तसबीची माळ. ते कागद वाचायला लागले. मी तयार केलेली चार इंग्रजी वाक्यं कुठच्या कुठे गेली.

त्यांचं बोट एका शब्दावर थांबलं. त्यांनी विचारलं आणि खैरुन्निसाने हिंदीत सांगितलं, "पूछते हैं, कौन सा कबीला?"

"वारली," विठ्ठल म्हणाला.

कबील्याची माणसं किती, राहतात कुठे, डोंगरात की सपाटीवर, सगळं त्यांनी विचारलं. विठ्ठल आता मोकळा बोलायला लागला. मग त्यांनी विचारलं, त्या दिवशी वडीलधारे बसले, म्हणजे काय केलं?

"बसले, बोलले. मग सगळ्यांनी ता..." रुपालीने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला. ताडी हा शब्द त्या खोलीत निघाला असता, तर माझ्या कागदाचं काही खरं नव्हतं. "...सगळे जेवले," विठ्ठलने पुरं केलं.

साहेब म्हणाले, वडील बसले, लोक जेवले, मुलगी सगळ्यांच्या देखत घरी आली. मग तू पहिल्यांदा 'नाही' असं का म्हणालास? खैरुन्निसाने ते हिंदीत सांगितलं, पण माझ्याकडे न बघता. म्हणजे ते तिच्याच तोंडून साहेबांना कळलं होतं.

विठ्ठलला आम्ही हजार वेळा पढवलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मी, का कोण जाणे, मान डोलावली.

"लगीन बाकी हाय," तो म्हणाला. "गाणी, गावजेवण. पैसा जमला का करू."

खैरुन्निसाने ते जसंच्या तसं अरबीत सांगितलं. तेवढं तिच्या हातवाऱ्यांवरून मलाही कळलं. म्हातारबुवा हसले. मेजवानी आमच्याकडेही नंतर असते, असं काहीसं म्हणाले, आणि कागदाची प्रत ठेवून सही केली. बाहेर आल्यावर रुपाली व्हरांड्यातल्या बाकावर बसून खूप वेळ रडली. विठ्ठल तिच्यासाठी पाणी आणायला गेला आणि पेप्सी घेऊन आला.

मुलगी थंडीत झाली. तिचं नाव चंपा ठेवलं.

त्यांचं लगीन २००८ च्या उन्हाळ्यात झालं. तोवर मी जव्हारला परतलो होतो. कुडाच्या भिंतीवर देवचौक होता, धवलेरी म्हातारी खड्या आवाजात गात होती आणि पाच वर्षांची चंपा आईच्या मांडीवर बसून स्वतःलाही हळद लावून घेत होती. मी मागे खुर्चीवर बसलो होतो. आटोपल्यावर विठ्ठल पिवळ्या अंगाने तसाच माझ्यापाशी आला.

"वकीलसाहेब, आता विचारा."

मी विचारलं, "लगीन झाला का?"

"झाला," तो म्हणाला, आणि ताडीचा पेला माझ्या हातात दिला.